पॅशनचं बिल कोण भरतं?

तुमच्या ग्रुपमध्ये असं एक तरी कुणी असेलच. कॉलेज सांभाळून रेझिनचे कानातले करणारी, भिंती रंगवण्याच्या ऑर्डरी घेणारा, दिवाळीत हाताने रंगवलेल्या पणत्या विकणारी. कदाचित ते कुणी म्हणजे तुम्हीच असाल. मग घरचे दोन ठरलेले प्रश्न तुम्हाला पाठ असतील. यातून पोट भरणार का? आणि भरणार असेल तर कधीपासून?

दुसरीकडे मोबाइल उघडला की सल्ला तयार असतो. पॅशन फॉलो करा, पैसा मागोमाग येईल. ऐकायला मस्त वाटतं. पण हा सल्ला खरा की खोटा हे तपासायचं तर कुणाचं तरी अख्खं आयुष्य बघायला हवं, पहिल्या ऑर्डरपासून शटर खाली येईपर्यंत. म्हणून आज एका अमेरिकन माणसाची गोष्ट. त्याला रंगीत काचेचं वेड होतं. त्या वेडाची त्याने कंपनी केली, ती कंपनी व्हाइट हाउसपर्यंत पोचली आणि त्याच्या डोळ्यांदेखत बुडालीही. त्याचं नाव लुई कम्फर्ट टिफनी.

सराफाचा मुलगा

टिफनी म्हटलं की अनेकांना निळी डबी आणि हिऱ्याची अंगठी आठवते. ते दुकान लुईच्या वडिलांचं. चार्ल्स लुईस टिफनी यांनी १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एका मित्राबरोबर स्टेशनरी आणि शोभेच्या वस्तूंचं दुकान टाकलं. भांडवल होतं १,००० डॉलर आणि तेही चार्ल्स यांच्या वडिलांनी दिलेलं. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे उपयोगी पडणार आहे. काही वर्षांतच ते दुकान अमेरिकेतली सगळ्यात नावाजलेली जवाहिऱ्याची पेढी झालं.

लुईचा जन्म १८ फेब्रुवारी १८४८ चा. घरचा धंदा जोरात, म्हणजे पोरगा उद्या गल्ल्यावर बसणार, असंच कुणीही धरून चाललं असतं. लुईने मात्र ब्रश हातात घेतला. तो न्यूयॉर्कमध्ये चित्रकला शिकला, मग पॅरिसला गेला आणि १८७० मध्ये थेट उत्तर आफ्रिकेत पोचला. तिथलं कडक ऊन, बाजारातले गालिचे, मशिदींवरच्या रंगीत फरशा हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. परत आल्यावर त्याची चित्रं प्रदर्शनांत लागू लागली. पण कॅनव्हासवरचा रंग त्याला पुरेना. उजेड आरपार जाईल असा रंग त्याला हवा होता, आणि तो काचेतच मिळणार होता.

जॅमच्या बाटलीतला रंग

लुईने वेगळं काय केलं ते कळायला आधी जुनी पद्धत समजून घेऊ. मुंबईत राजाबाई टॉवरच्या इमारतीत विद्यापीठाचं जुनं वाचनालय आहे. तिथल्या किंवा कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या खिडक्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या इंग्रजी वळणाच्या. रंगीत काचेचे तुकडे कापायचे, शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे आणि चेहरा, बोटं, कपड्यांच्या घड्या असे बारकावे काचेवर गडद रंगाने रंगवून भट्टीत भाजायचे, अशी ती पद्धत. तिच्यात काच हा कॅनव्हास असतो आणि चित्र त्याच्यावर येतं.

लुईला हे रंगवणंच नको होतं. घडी, सावली, ढग, पाण्याची लहर हे काचेच्या अंगातच असावं, असा त्याचा हट्ट. साधारण १८७५ पासून तो ब्रुकलिनच्या काचकारखान्यांत जाऊन प्रयोग करू लागला. तिथे एक गंमत त्याच्या लक्षात आली. कारखान्यांतली उत्तम, शुद्ध काच दिसायला सपाट आणि निर्जीव होती. उलट जॅमच्या स्वस्त बरण्या आणि साध्या बाटल्यांच्या काचेत खनिजांची भेसळ असायची, आणि त्या भेसळीमुळेच तिच्यात रंगाच्या छटा खेळायच्या. कारखानदार जो दोष काढून टाकायला धडपडत होते, तोच याला हवा होता.

यातून त्याची दुधाळ काच तयार झाली. इंग्रजीत तिला ओपलेसंट म्हणतात. ओपल रत्नासारखी, उजेड थोडा अडवणारी आणि थोडा सोडणारी. वितळलेल्या काचेत दोन-तीन रंग घोळवायचे, ती गरम असतानाच चिमट्याने ओढून तिला चुण्या पाडायच्या. मग देवदूताच्या झग्याची घडी रंगवायला नको, काचेलाच घडी पडलेली असायची.

ही कल्पना एकट्या लुईची नव्हती, हेही सांगायला हवं. जॉन ला फार्ज नावाचा दुसरा चित्रकार त्याच वेळी याच काचेच्या मागे होता. ला फार्जला १८८० मध्ये पेटंट मिळालं, लुईला १८८१ मध्ये. दोघांचं बिनसलं ते कायमचंच. पेटंटमध्ये ला फार्ज पुढे होता. तरी आज जगभर नाव टिफनीचं आहे. असं का झालं, याचं उत्तर काचेत कमी आणि धंद्यात जास्त सापडतं.

पहिली कंपनी, चार डोकी

लुईने १८७९ मध्ये सजावटीची फर्म काढली. हे एकट्याचं काम नाही, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. सोबत कँडेस व्हीलर होती, कापड आणि भरतकामातली जाणकार. सॅम्युएल कोलमन होता, रंगसंगती आणि भिंतींच्या नक्षीसाठी. आणि लाकूडकामासाठी होता लॉकवुड डी फॉरेस्ट.

या डी फॉरेस्टचा धागा आपल्या बाजूला येतो. तो १८८१ मध्ये हिंदुस्थानात आला आणि अहमदाबादला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, मगनभाई हठीसिंग या व्यापाऱ्याबरोबर त्याने लाकडी कोरीवकामाचा कारखाना सुरू केला. तिथल्या सुतारांनी कोरलेलं सागवान न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत जाऊन बसलं. डी फॉरेस्टच्या स्वतःच्या न्यूयॉर्कमधल्या घराच्या दर्शनी भागावर अहमदाबादी नक्षीची खिडकी आजही उभी आहे.

फर्मला कामं भराभर मिळाली. कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावी लेखक मार्क ट्वेनचं घर १८८१ मध्ये त्यांनी सजवलं. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी व्हाइट हाउसच्या सजावटीचं काम दिलं आणि तिथल्या प्रवेश दालनात लुईची रंगीत काचेची भली मोठी जाळी उभी राहिली. तिशीतल्या माणसासाठी याहून मोठा क्लायंट कोणता? पण सरकारी कामाचं आयुष्य किती असतं तेही बघा. १९०२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या काळात व्हाइट हाउसचं नूतनीकरण झालं आणि ती जाळी निघाली.

फर्म तर त्याआधीच, १८८३ च्या सुमारास, फुटली होती. भागीदार आपापल्या वाटेने गेले. व्हीलरने कापडाचा स्वतंत्र धंदा उभा केला. लुईने ठरवलं, आता फक्त काच. १८८५ मध्ये त्याने टिफनी ग्लास कंपनी नोंदवली. वय होतं ३७.

ऑर्डर येते कुठून?

नुसती काच चांगली असून भागत नाही, ती विकत घेणारं कुणीतरी लागतं. लुईला गिऱ्हाईक मिळालं चर्चमध्ये. यादवी युद्धानंतरच्या अमेरिकेत नवी चर्चं धडाधड बांधली जात होती. गेलेल्या माणसाच्या आठवणीत त्याच्या घरच्यांनी चर्चला खिडकी द्यायची, अशी पद्धतही रूढ होती. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर किंवा बाकावर नाव कोरतात, तसंच काहीसं. लुईने त्यांना संतांच्या आकृत्यांबरोबर डोंगर, नदी आणि संध्याकाळचं आभाळ असलेल्या खिडक्याही दिल्या.

१८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं. स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे आपल्याला ते वर्ष आणि ते शहर माहीत आहे. त्याच प्रदर्शनात लुईने काचेने आणि मोझेकने मढवलेलं अख्खं चॅपल मांडलं. लोकांची रीघ लागली. चॅपल म्हणजे त्याचा शोरूमच होता म्हणा ना. आमच्याकडून काय काय करून मिळेल, ते एकाच खोलीत दिसत होतं.

त्याच सुमारास त्याने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, कोरोना इथे स्वतःची भट्टी सुरू केली. ती चालवायला इंग्लंडच्या स्टुअरब्रिजहून आर्थर नॅश हा मुरलेला काचकारागीर आणला. काच आता दुसऱ्याच्या कारखान्यात मागायला जायची गरज उरली नाही. १८९४ मध्ये त्याने आपल्या काचेसाठी ‘फॅवरील’ हे नाव नोंदवून घेतलं. हाताने घडवलेलं, अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून ते बेतलेलं. ब्रँडिंग हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

उरलेल्या तुकड्यांचा दिवा

खिडकीच्या धंद्यात एक अडचण असते. प्रत्येक खिडकी एकाच गिऱ्हाइकासाठी, एकाच मापाची. ती बसवली की ऑर्डर संपली. शिवाय मोठी खिडकी कापताना काचेचे ढीगभर छोटे तुकडे उरतात. त्यांचं काय करायचं?

याचं उत्तर १८९० च्या दशकात सापडलं, ते म्हणजे दिवा. घराघरांत वीज येऊ लागली होती आणि उघडा बल्ब डोळ्यांना टोचत होता. त्यावर रंगीत काचेची छत्री बसवली की उजेडही मऊ आणि खोलीलाही शोभा. खिडकीसाठी लहान पडणारे तुकडे इथे पाकळी आणि पान म्हणून चपखल बसायचे. शिवाय एकदा साचा केला की तोच दिवा वेगवेगळ्या रंगांत पुन्हा पुन्हा करता यायचा. चर्च परवडत नाही त्यालाही दिवा घेता यायचा. म्हणजे जरा बऱ्या खिशाच्या माणसाला, कारण स्वस्त तो नव्हताच.

दिवा करायची रीत ऐका. आधी कागदावर चित्र. मग लाकडी साच्यावर त्याची आखणी. प्रत्येक तुकड्याचा नमुना कापायचा. मग काच निवडायची, आणि हेच सगळ्यात कठीण, कारण एका पत्र्याएवढ्या काचेत पाकळीला लागणारी छटा नेमकी कुठे आहे हे उजेडासमोर धरून शोधावं लागतं. तुकडा कापला की त्याच्या कडेला मेण लावलेली तांब्याची पातळ पट्टी दुमडून चिकटवायची. सगळे तुकडे साच्यावर मांडायचे आणि तांब्याला तांबं सोल्डरने जोडायचं. शिशाची जाड पट्टी नसल्यामुळे बारीक तुकडे आणि गोलाई दोन्ही जमतात. ‘विस्टेरिया’ नावाच्या, जांभळ्या घोसांच्या दिव्यात असे जवळपास २,००० तुकडे आहेत. स्टेन्ड ग्लास शिकणारी जगभरची मंडळी या रीतीला आजही टिफनी पद्धत म्हणतात.

नाव कुणाचं, हात कुणाचे?

विस्टेरियाचा हा दिवा लुई टिफनीने डिझाइन केला, असंच जवळजवळ शंभर वर्षं सगळे समजत होते. तो केला होता क्लॅरा ड्रिस्कॉलने.

क्लॅरा ओहायो राज्यातली. क्लीव्हलंडला मुलींच्या डिझाइन शाळेत शिकली, न्यूयॉर्कला आली आणि १८८८ मध्ये टिफनीच्या कंपनीत लागली. वर्षभरात लग्न झालं आणि नोकरी सुटली, कारण लग्न झालेल्या बाईला कंपनीत ठेवत नसत. १८९२ मध्ये नवरा वारला, तेव्हा ती परत आली. त्याच वर्षी काच निवडणाऱ्या आणि कापणाऱ्या मुलींचा वेगळा विभाग निघाला होता. तो क्लॅराच्या हाती आला. सुरुवातीला मुली होत्या सहा, दोन वर्षांत झाल्या ३५.

क्लॅरा नुसती चित्रं काढत नव्हती. कुणाला कोणतं काम द्यायचं, किती दिवसांत संपवायचं, किती खर्चात बसवायचं, हे सगळं तीच बघायची. ऑफिसातली व्यवस्थापक मंडळी खर्चावरून कुरकुर करायची, तिला सुंदर दिवा करायचा असायचा, आणि दोन्हींच्या मधून वाट काढायची ती. तिचा चतुरांच्या नक्षीचा दिवा, तोच पारदर्शक पंखांचा कीटक, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात बक्षीस घेऊन आला.

त्रास झाला तो आतूनच. पुरुष कारागिरांच्या युनियनला या मुली नको होत्या. १९०३ मध्ये प्रकरण संपापर्यंत गेलं. तडजोड झाली, मुलींचा विभाग टिकला, पण त्यांची संख्या २७ च्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरलं. १९०९ मध्ये क्लॅराने पुन्हा लग्न केलं आणि नियमाप्रमाणे तिची नोकरी संपली. ती १९४४ मध्ये गेली.

ही सगळी हकिकत कळली कशी? क्लॅरा ओहायोत राहणाऱ्या आईला आणि बहिणींना लांबलचक पत्रं लिहायची. ती पत्रं या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांच्या हाती लागली आणि २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यावर मोठं प्रदर्शन झालं. त्यात दिव्यांशेजारी तिचं नाव पहिल्यांदा ठळकपणे लागलं. लुई दुष्ट होता असं यातून निघत नाही. मुलींचा विभाग त्यानेच काढला होता आणि डिझाइनला शेवटची मंजुरी त्याचीच असायची. पण दिव्याखाली नाव फक्त कंपनीचं असायचं, आणि कंपनीचं नाव म्हणजे त्याचं नाव.

तो १,००० डॉलरचा आकडा

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे येऊ. यातून पोट भरलं का?

कागदावर चित्र झकास होतं. पॅरिसमध्ये सिगफ्रीड बिंग याच्या नावाजलेल्या दालनात टिफनी काच विकली जायची. शिकागोच्या सार्वजनिक वाचनालयावर ३८ फूट व्यासाचा काचेचा घुमट बसला. मेक्सिको सिटीच्या नाट्यगृहासाठी जवळपास दहा लाख तुकड्यांचा काचेचा पडदा तयार झाला. तरीही काचेचा हा धंदा कित्येकदा तोट्यातच असायचा. लुईला दर्जात तडजोड चालत नव्हती. मनासारखी न झालेली वस्तू तो हातातल्या काठीने फोडून टाकायचा, असं सांगतात. ते वेड परवडत होतं, कारण मागे वडील होते. पैसा त्यांचा, ओळखी त्यांच्या आणि माल मांडायला दागिन्यांच्या दुकानाचं काउंटरही त्यांचंच.

चार्ल्स यांनाही सुरुवातीला त्यांच्या वडिलांनी हात दिला होता, आठवतंय? फरक इतकाच की ते १,००० डॉलर एकदाच दिलेले होते. लुईला मिळालेला आधार संपतच नव्हता. १९०२ मध्ये वडील गेले, मोठा वारसा हाती आला आणि पेढीचं कलासंचालकपदही. त्यातून त्याने लाँग आयलंडवर लॉरेल्टन हॉल हा ८४ खोल्यांचा बंगला बांधला. तो १९०५ मध्ये पुरा झाला.

मग फॅशन बदलली. पहिल्या महायुद्धानंतर लोकांना सरळ रेषा, मोकळ्या भिंती, साधं फर्निचर हवं होतं. फुलापानांचे दिवे आजीच्या घरातले वाटू लागले. लुई मात्र निसर्गाच्या नक्षीवरून हलला नाही. वाकवणारी क्लॅरा आता नव्हती आणि भरपाई करणारे वडीलही नव्हते. त्यात १९२९ ची मंदी आली. १९३२ मध्ये टिफनी स्टुडिओज दिवाळखोरीत गेली. १७ जानेवारी १९३३ रोजी, ८४ व्या वर्षी, लुई गेला. त्याचे दिवे पुढची वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर आणि कचऱ्यात पडून होते.

त्यानंतरची गोष्ट

लुईने १९१८ मध्ये लॉरेल्टन हॉल तरुण कलाकारांना राहून काम करण्यासाठी खुला केला होता. १९३० मध्ये तिथे ह्यू मॅकीन नावाचा तरुण चित्रकार राहून गेला. १९५७ मध्ये तो बंगला आगीत खाक झाला, तेव्हा हाच मॅकीन आणि त्याची बायको जेनेट तिथे धावले आणि उरलेल्या खिडक्या त्यांनी फ्लोरिडाला नेल्या. शिकागोचं ते चॅपलही आज तिथेच, विंटर पार्क गावच्या मोर्स संग्रहालयात, पुन्हा उभं आहे. आणि दिवे? २०१८ मध्ये कमळांच्या नक्षीचा एक टिफनी दिवा लिलावात ३३ लाख डॉलरच्या वर गेला. यातला एक पैसाही अर्थात ज्यांनी तो केला त्यांना मिळायचा नव्हता.

तर तुमच्या कानातल्यांचं आणि पणत्यांचं काय करायचं? करा, बिनधास्त करा. लुईसारखं कच्च्या मालाच्या मुळाशी जा, उरलेल्या तुकड्यांतून काय होईल ते बघा. फक्त पहिल्याच महिन्यात वहीत एक पान वेगळं ठेवा. घरचे जेवायला घालतात, भाडं भरतात, बाबांची गाडी डिलिव्हरीला वापरता, ती सगळी रक्कम त्या पानावर लिहा. तेही भांडवलच आहे आणि ते प्रत्येकाच्या घरी नसतं. ते वजा केल्यावर जो आकडा उरेल, तो तुमच्या धंद्याचा खरा आकडा. घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आणि हो, पॅकिंग करणारी बहीण आणि डिझाइन सुचवणारी मैत्रीण यांची नावं आजच पेजवर टाका. क्लॅराला त्यासाठी शंभर वर्षं लागली.